तारांकित प्रश्न क्रमांक एकशे बारा

चंपाषष्ठीच्या सकाळी जुन्या इंदुरातल्या खडक्यांच्या घरी वांग्यांच्या आधी पोस्टमन आला, आणि त्यानं दिलेल्या खाकी पाकिटामुळे बाराला बसायची पंगत अडीचपर्यंत बसली नाही.

पाकिटात भोपाळहून आलेली छापील पुस्तिका होती. येत्या मंगळवारी विधानसभेत कोणता आमदार सरकारला काय विचारणार, त्याची यादी. नानासाहेब खडके आमदार होऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात अशा पुस्तिका घरात इतक्या साठल्या होत्या की थोरल्या बहीण द्वारकाबाई त्यांच्यावर सांडगे घालत. वाचत कुणी नसे. आज वाचली गेली, कारण ती धाकट्या पांडुरंगाच्या हाती पडली, आणि पांडुरंगाला कुठलाही छापील कागद शेवटून वाचायची सवय होती. व्यापारी माणूस. जे माणसाला दाखवायचं नसतं ते शेवटी छापतात, हे तो मंडीत शिकला होता.

शेवटून तिसऱ्या पानावर होतं:

‘११२. श्री नानासाहेब खडके: क्या कृषि मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि (क) क्या यह सच है कि इस वर्ष गौतमपुरा क्षेत्र में शासन की ओर से बाँटा गया आलू का बीज खेतों में सड़ गया, (ख) यदि हाँ, तो यह बीज किस व्यापारी ने दिया था और इसमें दोष किसका है?’

बियाणं कुठल्या व्यापाऱ्यानं दिलं, हे खडक्यांच्या मांजरालाही माहीत होतं. ते मांजर त्याच पोत्यांवर व्यालं होतं. मेसर्स खडके बंधू, मालक पांडुरंग तुकोजी खडके.

मालक हा शब्द तसा ताजाच. गेल्या पौषात वकिलानं सांगितलं, सरकारला माल पुरवायचा करार ज्याच्या नावे असेल त्याला निवडणुकीला उभं राहता येत नाही. तेव्हा एका सकाळी दोघे भाऊ कचेरीत गेले, वेगळे झाले आणि दुपारी जेवायला एकत्र घरी आले. दुकान पांडुरंगाचं, गौतमपुऱ्याची जमीन नानासाहेबांची. चूल एकच राहिली, कारण कायद्यात चुलीचा उल्लेख नव्हता.

पांडुरंगानं पुस्तिका देवघरात नेली आणि खंडोबाच्या टाकांपुढे, तळीच्या ताटाशेजारी ठेवली. नानासाहेब पाटावर बसून ताटातल्या खोबऱ्याच्या वाट्यांवर भंडारा टाकत होते.

“दादा, हे तुम्ही विचारलंय?”

“नाव माझं छापलंय ना?”

“छपाईची गलती असेल म्हटलं.”

“नाही.”

“मग उत्तर तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून विचारलंत?”

नानासाहेबांनी बोटांचा भंडारा झटकला. “पांडू, तिथे माहीत नसलेलं कुणी विचारत नाही. माहीत असलेलंच विचारतात.”

“वा,” पांडुरंग म्हणाला. “मग मलाही एक गोष्ट माहीत आहे, ती सांगतो. खात्याचं उत्तर इथल्याच कचेरीतून वर गेलंय. बाबूनं मला वाचून दाखवलं, प्रश्न कुणाचा ते मात्र सांगितलं नाही. ‘पुरवठादाराची हलगर्जी’, असे शब्द आहेत. मंगळवारी ते सगळ्या राज्यादेखत वाचणार, बुधवारी पेपरात येणार. गुरुवारी मी मंडीत कुठल्या तोंडानं बसू?”

नानासाहेबांनी पुढची वाटी ओढली. मंचावर चढले की ते बोलत, तेही चांगलं बोलत. पण घरात त्यांच्याकडून शब्द काढणं म्हणजे पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीतून पाय काढणं. जोर केला तर जोडा आत राहतो.

“मागे घ्या तो प्रश्न.”

“नाही घेणार.”

“तर मग आज तळीला माझा हात नाही,” पांडुरंग म्हणाला, आणि ओसरीवर जाऊन खांबाला टेकून बसला.

हे मात्र साधं नव्हतं. इतरांकडे तळी पाचजण उचलतात, सातजण उचलतात. खडक्यांकडे तीनच हात लागत: घरातला थोरला, घरातला धाकटा, आणि तिसरा त्यांची जमीन कसणारा. होळकरांच्या पागेतून पहिल्या खडक्याला गौतमपुऱ्याकडे जमीन मिळाली तेव्हापासूनचा हा नेम. थोरला छपराचा, धाकटा कमाईचा, तिसरा मातीचा. तळी उचलल्याशिवाय भरीत-रोडग्याचा नैवेद्य नाही, आणि नैवेद्याशिवाय कुणाला घास नाही. म्हणजे पांडुरंगानं एक हात खिशात घातला आणि सगळं घर उपाशी बसवलं. स्वस्तातला संप.

नानासाहेबांचा मुलगा शरच्चंद्र वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि अजून त्याला वाटे की प्रत्येक भांडणाला एक कलम असतं. तो काकाजवळ जाऊन उकिडवा बसला.

“काका, बात ऐसी है, की मागे घ्यायचीही गरज नाही. बाबांनी मंगळवारी फक्त जायचं नाही. अध्यक्ष नाव पुकारणार, सदस्य गैरहजर, की पुढचा प्रश्न. किस्सा खतम. कुणाची इज्जत जायला नको.”

“हे तुझ्या बापाला सांग.”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मी हजर राहणार.”

पांडुरंगानं पुतण्याकडे नीट पाहिलं. “ते हिंदी कुणाचं रे? ‘बताने की कृपा करेंगे’? दादांना ‘कृपा’ शब्द पत्रिकेतसुद्धा सुचत नाही.”

शरच्चंद्र अंगणाकडे बघायला लागला. हिंदी त्याचंच होतं. वडिलांनी सांगितलं, त्यानं लिहिलं. पण त्यानं ‘खेतों में सड़ गया’ इथेच पूर्णविराम दिला होता. व्यापारी कोण आणि दोष कुणाचा, हे पुढचं शेपूट वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जोडायला लावलं. “यात काकांचं नाव येईल,” असं तो म्हणाला होता, आणि वडील म्हणाले होते, “लिही.” एवढंच. आपण कुणाच्या बाजूनं लिहून दिलं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं, आणि वकील होऊ घातलेल्या माणसाला याची फार लाज वाटत होती.

स्वयंपाकघरात मंडीतून आलेली वांगी भाजून थंड होत होती. नानासाहेबांच्या सुलोचनाबाई ती सोलत होत्या आणि पांडुरंगाची अंबिका कांदा चिरत होती. कांद्याचा आज फायदा असा की डोळ्यांतून पाणी का येतंय ते कुणी विचारत नव्हतं.

“जाऊबाई, मी आपली आधी सांगून ठेवते,” अंबिका म्हणाली. “संक्रांत झाली की मी माझी चूल वेगळी मांडणार. कागदावर आहोतच वेगळे.”

“मांड की. पातेली कुठली नेणार ते आत्ताच ठरव, म्हणजे मी त्यांना कल्हई करून ठेवते.”

“तुम्हाला थट्टा सुचतेय. तिकडे आमच्या माणसाचं नाव बदनाम होणार, आणि तेही तुमच्या माणसाच्या तोंडून.”

सुलोचनाबाईंनी वांग्याचं देठ धरून साल ओढली. त्यांना राग येत नव्हता, त्यांना नवल वाटत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस मुद्दाम कुणाचं वाईट करताना त्यांनी पाहिला नव्हता. आळसानं केलेलं पाहिलं होतं, विसरून केलेलं पाहिलं होतं. मुद्दाम नाही.

“अंबिका, एक बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “दसऱ्यापासून ह्यांनी बटाट्याला हात लावलेला नाही. रस्सा करा, काचऱ्या करा, ताटात बाजूला सारतात. विचारलं तर म्हणतात, पित्त होतं. ज्या माणसाचा जन्म बटाट्यात गेला, त्याला यंदाच बरं पित्त झालं.”

अंबिकेची विळी थांबली. भांडायचं बाजूला राहिलं. तिच्याकडेही एक गोष्ट होती आणि ती कुणाला सांगावी हे तिला दोन महिने सुचत नव्हतं.

“आमचे हे टेलिफोन उचलत नाहीत,” ती म्हणाली. “मी परवा दुकानात डबा घेऊन गेले. घंटी वाजतेय, वाजतेय, आणि हे बाजूला बसून तिच्याकडे बघतायत. म्हटलं, अहो, उचला. तर म्हणाले, भोपाळचा असला तर?”

“भोपाळचा असला तर काय?”

“मी तेच विचारलं. तर डबा उघडून जेवायला लागले.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका घरात वीस वर्षं राहून दोन जावांना एकमेकींचा इतका उपयोग होईल असं दोघींना वाटलं नव्हतं. एकीकडे बटाटा न खाणारा, दुसरीकडे टेलिफोन न उचलणारा. आणि मधे भोपाळ.

“भोपाळहून दुकानात फोन करणारं आपलं आहे कोण?” अंबिकेनं विचारलं, जरी उत्तर तिला आलेलं होतं.

“चल,” सुलोचनाबाई पदराला हात पुसत उठल्या. “हे आपल्या हातचं काम नाही. अक्कांकडे देऊ.”

तेवढ्यात अंगणात मांगीलाल आला. खडक्यांची जमीन कसणारा, तळीचा तिसरा हात. सकाळच्या मोटारीनं गौतमपुऱ्याहून निघालेला, डोक्यावर शेतातल्या वांग्यांचं आणि पातीच्या कांद्यांचं गाठोडं. त्याची स्वतःचीही दोन बिघे जमीन होती, आणि त्या दोन बिघ्यांतही तेच बियाणं पडलं होतं. पांडुरंगाला तो येताना दिसला तेव्हा आत जावंसं वाटलं. पण जाणार कुठे? आत देवघर, आणि देवघरात थोरला भाऊ.

“राम राम, छोटा बाबू.”

“राम राम.”

मांगीलालनं गाठोडं उतरवलं, हातपाय धुतले, आणि पांडुरंगापासून दोन हात अंतरावर पायरीवर बसला. शिवी दिली असती तर पांडुरंगाला बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

“यंदा वांगी चांगली आलीत,” पांडुरंग म्हणाला.

“वांगी तो आवेगा,” मांगीलाल म्हणाला. “वांगी को बीज घर को थो.”



अक्का म्हणजे द्वारकाबाई, साठीच्या. बाविसाव्या वर्षी कुंकू गेलं तेव्हा माहेरी आल्या, आणि आई गेल्यावर या दोन भावांना त्यांनीच वाढवलं. सरकार आमदाराला काय म्हणतं त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्या त्याला ‘नाना’ म्हणत आणि अरे-तुरे करत. दोघी जावांनी कानात सांगितलं ते त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, मग देवघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. तिथून ओसरीही दिसे आणि पाटही.

“शरद, मधे बोलायचं नाही. मांगीलाल, इकडे ये, तूही बैस. पांडू, तू खांब सोड, तो पडत नाही. आता सांगा. दसऱ्याच्या आधी दुकानात भोपाळहून फोन आला होता. कुणाचा?”

“अक्का, व्यापाऱ्याला सतरा फोन येतात,” पांडुरंग म्हणाला. “उज्जैनचे, रतलामचे, भावाची चौकशी, मालाची चौकशी...”

“बस. तू खरं बोलतोस तेव्हा दोन शब्दांत बोलतोस. मी तुला विचारलंच नाही. नाना?”

नानासाहेबांनी विड्याचं पान उचललं, त्याचा देठ खुडला, पान परत ठेवलं.

“माझा,” ते म्हणाले.

“काय सांगितलंस?”

“सांगतो.” आणि जोडा न सोडता माती कशी तुडवावी तसे ते एकेक शब्द टाकत बोलले. “श्रावणात गौतमपुऱ्याच्या बाजारात सभा झाली. मी म्हणालो, यंदा सरकारी बियाणं दसऱ्याच्या आत दारात पोचेल. टाळ्या पडल्या. दसऱ्याला चार दिवस उरले, बियाणं पोचेना. भोपाळहून ट्रंककॉल लावला. पांडू म्हणाला, माल आजच कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढलाय, आठ दिवस सावलीत पसरू द्या, डोळे फुटू द्या, मग पाठवतो. मी म्हटलं, आजच पाठव.”

“आणि?”

“पाठवला.”

बाकी सांगायची गरज नव्हती. या घरात पोरांनाही ते माहीत होतं. कोल्ड स्टोरेजमधलं बटाट्याचं बियाणं झोपलेलं असतं. त्याला सावलीत पसरून जागं करावं लागतं. तसंच थंडगार उचलून आश्विनातल्या तापल्या मातीत घातलं तर ते उगवत नाही, कुजतं. नानासाहेबांनी तीस वर्षं हे बियाणं स्वतःच्या हातानं पसरलं होतं, गड्यांना शिकवलं होतं, घाई करणाऱ्याला हाकलून दिलं होतं. आमदार होऊन त्यांना तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. शेती विसरायला एवढा वेळ पुरतो, याचं सगळ्यांत जास्त नवल त्यांचं त्यांनाच वाटत होतं.

“नानासाब,” मांगीलाल म्हणाला. “गलती म्हारी बी है. पोतो खोल्यो तब म्हने हाथ लगायो थो. ठंडो थो, बरफ सरीखो. म्हने सोच्यो, यो बीज अभी नी बोनो. पण फिर सोच्यो, नानासाब ने भेज्यो है, तो सोची ने ज भेज्यो होगा.”

“म्हणजे तिघांनाही कळलं होतं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आणि तिघांनीही कळलेलं दुसऱ्याच्या भरवशावर गिळलं. शाबास.”

पांडुरंग उठून देवघराच्या दाराशी आला. त्याचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला.

“दोन महिने मी तोंड उघडलं नाही, दादा. गौतमपुऱ्याचे लोक दुकानासमोर येऊन उभे राहिले, मी म्हटलं माल खराब निघाला. बायकोला सांगितलं नाही. का, तर तुमची पहिलीच आमदारकी. आणि तुम्ही मला कळू न देता छापून टाकलंत, दोष किसका है?”

“तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस.”

“अडवलंच असतं.”

“म्हणून नाही सांगितलं. ऐक. खात्यानं तुझ्यावर टाकलंय हे मला तुझ्या आधी कळलं. प्रश्न विचारला नाही तरी तो शेरा फायलीत राहणार, आणि पुढच्या साली करार निघेल तेव्हा कुणीतरी फाईल उघडणार. प्रश्न पुकारला गेला तर मंत्र्याला उत्तर वाचावं लागतं, आणि ते वाचलं की मला उलट विचारता येतं. तिथे जे बोललं जातं ते छापतात, पांडू. मग ते कुणाला खोडता येत नाही. मी तिथे सांगणार आहे की घाई माझी.”

हे शरच्चंद्राच्या डोक्यात आता कुठे बसलं, आणि बसताबसताच तो घाबरला.

“बाबा, पण तुम्ही हुकूम दिला, असं तुम्ही स्वतःच म्हणालात, तर विरोधक काय म्हणतील? दुकान कागदावर काकांचं, हुकूम मात्र तुमचा. म्हणजे वेगळं होणं नाटक होतं. केस करतील. सीट जाऊ शकते.”

“जाऊ शकते.”

“आणि तरी?”

“तरी.”

अंबिकेनं सुलोचनाबाईंकडे पाहिलं. सकाळी ती या बाईच्या नवऱ्याची आमदारकी बुडावी म्हणून देवाकडे बघत होती. आता ती खरंच बुडेल म्हटल्यावर तिला तेही नको होतं. सुलोचनाबाई मात्र नवऱ्याचा चेहरा वाचत होत्या. भाजी घेताना टोपलीतला तळचा माल वर करून बघायची त्यांची जुनी सवय.

“अहो, एक खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “भर सभेत चूक कबूल करणारा आमदार लोकांनी पाहिलेला नाही. गौतमपुऱ्यात तुमचं नाव खाली जाणार नाही, वर जाईल. हे तुम्ही मोजलंय ना?”

नानासाहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. “मोजलंय.”

“आणि सीट जाईल, तेही?”

“तेही. दोन्ही मोजलं. कुठलं जास्त भरलं ते अजून कळत नाही.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. “सरळ साधू झालात की काय, याचीच मला भीती होती.”

द्वारकाबाई हसल्या. पांडुरंग हसला नाही. त्याला भावाची योजना पटत होती आणि भाऊ पटत नव्हता. दादा खोटं बोलत नाहीत, हे तो जाणून होता. पण समोर माणसं दिसली की दादांचा शब्द कसा वाकतो, हेही त्यानं त्याच टाळ्यांपासून ओळखलं होतं. इथे देवघरात बसून कबुली देणं वेगळं. तिथे दोन-अडीचशे आमदारांसमोर मंत्र्यानं आधी सगळा दोष व्यापाऱ्यावर टाकून ठेवलेला असताना नुसतं खाली बसून राहणं किती सोपं.

“मला पास द्या,” तो म्हणाला.

“कसला?”

“गॅलरीचा. मंगळवारचा. मी तिथे बसून ऐकणार. तुम्ही काय बोललात ते मला बुधवारच्या पेपरात वाचायचं नाही.”

“विश्वास नाही?”

“माल बघितल्याशिवाय मी कुणाचाच घेत नाही. हे तुम्हीच शिकवलंत.”

“मिळेल पास.”

“काका आत्ता नसतील उचलत, तर त्यांच्या जागी मी हात लावतो,” शरच्चंद्र म्हणाला. दोन वाजून गेले होते आणि भरताचा वास माजघरात भरला होता.

“गप बैस,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चुलता जिता आहे तोवर पुतण्याचा हात लागत नाही. पांडू, ये.”

पांडुरंग आला. सदऱ्याची बाही वर करून त्यानं ताटाला हात लावला. एका बाजूला थोरला, एका बाजूला तो, समोर मांगीलाल. तीनदा ताट उचललं, तीनदा टेकवलं. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर दोघांचाच झाला. पांडुरंगानं हात दिला होता, तोंड दिलं नव्हतं. ते त्यानं मंगळवारपर्यंत राखून ठेवलं.

भोपाळात थंडी होती. मिंटो हॉलमधल्या विधानसभेच्या गॅलरीत पांडुरंग अगदी पुढच्या बाकावर बसला, टोपी मांडीवर. आपली राजधानी या गावानं नेली हा इंदूरकराचा राग त्याच्याही पोटात होता. पण खाली पाहिल्यावर त्याला ती जागा मंडीसारखीच वाटली. लोक एकमेकांच्या कानाशी लागत होते, कागद फिरत होते, आणि ज्याचा पुकारा चाललाय त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दादा डावीकडे चौथ्या रांगेत होते. घरी मोठे दिसत. इथे मधल्या मापाचे दिसले.

“प्रश्न संख्या एक सौ बारह.”

मंत्री उठले आणि कागदावरून वाचत गेले. जी हाँ, बीज सड़ा. बीज मेसर्स खडके बंधू, इंदौर ने दिया था. दोष प्रदायकर्ता की असावधानी का है. ‘खडके’ म्हणताच दोन-तीन आमदारांनी मान वळवून दादांकडे पाहिलं. एकजण शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसला. आता दादा बसून राहिले तरी काम पुरं होत होतं, आणि कुणी त्यांना दोष देणार नव्हतं.

नानासाहेब उठले.

“अध्यक्ष महोदय, खडके बंधू का मालिक मेरा सगा छोटा भाई है. मैं सदन को बताना चाहता हूँ कि...”

“माननीय सदस्य प्रश्न पूछें,” अध्यक्ष म्हणाले. “यह प्रश्नकाल है. यहाँ बताया नहीं जाता, पूछा जाता है.”

हशा पिकला. नानासाहेब उभेच. त्यांनी समोरच्या फळीवर हात टेकला. हे त्यांनी मोजलेलं नव्हतं, वरून स्पष्ट दिसत होतं. पाठ करून आणलेली कबुली इथे चालत नव्हती, आणि दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. आता खाली बसतील, पांडुरंगाला वाटलं. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण बाकाची कड धरली आहे.

“तो पूछता हूँ,” नानासाहेब म्हणाले. “क्या मंत्री जी को मालूम है कि इस व्यापारी ने आठ दिन की मोहलत माँगी थी?”

“जी नहीं.”

“क्या यह मालूम है कि उसने एक बार नहीं, तीन बार कहा था कि यह बीज अभी खेत में जाएगा तो सड़ेगा? और तीनों बार जिसने उसे चुप कराया, वह इसी सदन का सदस्य है?”

कुजबुज थांबली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “कौन सदस्य?”

“यही, जो खड़ा है.”

सभागृहात असं काही झालं की काय करायचं याचा नियम कुणाला आठवेना. कुणी बाक वाजवलं नाही, कुणी हसलं नाही. मंत्र्यांनी कागद उलटा करून पाहिला. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

“इसके लिए मुझे अलग से सूचना चाहिए,” ते म्हणाले आणि बसले.

“प्रश्न संख्या एक सौ तेरह,” अध्यक्ष म्हणाले, आणि दुसरे कुणी सदस्य कुठल्याशा पुलाबद्दल विचारायला उठले.

नानासाहेब खाली बसले. वर पाहिलं नाही. खालच्या टेबलाशी बसलेले लेखनिक मान खाली घालून लिहीत होते, आणि त्यांनी लिहिलेलं आता छापलं जाणार होतं, आणि कुणाला खोडता येणार नव्हतं.

गॅलरीत पांडुरंग उभा राहिला होता. कधी उभा राहिला ते त्याला कळलं नव्हतं. पगडीवाल्या चोपदारानं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बैठ जाइए, साब. यहाँ खड़े नहीं होते. कुछ बोलते भी नहीं.”

“तीनदा नाही,” पांडुरंग त्याला मराठीत म्हणाला. “एकदाच म्हणालो होतो. तेही हळू.”